बर्फाच्या बादलीची परीक्षा

तंबूवाल्या मावशीच्या दुकानात शिरायचं तर आधी बोलणी खायची तयारी हवी. तीस वर्षं ती फाटके तंबू, उसवलेल्या झोपपिशव्या, सायकलीला अडकवायच्या थैल्या शिवतेय. शाळा सातवीतच सुटली, पण डोंगरावरून परत आलेलं कापड तिला वाचता येतं. दुकानदार वजनातल्या ग्रॅमच्या बाता मारतात; वाऱ्यात कुठली शिवण आधी उसवते, ते मावशीला विचारा.

भाची सायकलवर एकटीच उंच खिंड ओलांडायला निघाली होती. आईने समजावून समजावून हात टेकले आणि एकच अट घातली, "मावशी हो म्हणाली तर जा."

भाचीने नवाकोरा तंबू टेबलावर ठेवला. "फक्त सव्वा किलो!"

"तंबू आहे की रुमाल?" मावशीने मागच्या अंगणात बर्फाच्या पाण्याची बादली आणून ठेवली. "हात बुडव. शंभर मोज. मग उभा कर."

उंचावर थंडीत बोटांची लाकडं होतात, तिथे तंबू उभा राहिला तरच तो तंबू, हा तिचा नियम. शंभर झाले. भाचीने दांडे कसेबसे वाकवले, पण नखाएवढे प्लॅस्टिकचे चाप काही लागेनात. कापड जमिनीवर लोळत राहिलं.

"झालं! माझा जुना ने. तीन किलोचा आहे, पण नाड्या बांधल्या की जागचा हलायचा नाही."

"मग तो तू उभा कर. हात बुडवून."

"मला शिकवतेस?"

"घाबरलीस?"

हा शब्द मावशीला सोसत नाही. तिने बाह्या सरसावल्या आणि शंभर मोजले, शेवटचे दहा जरा घाईनेच. पण नाडीची गाठ बसेना. पाचव्यांदा सुटली तशी तिने नाडी फेकली. इतकी वर्षं लोकांचे हात बुडवले. स्वतःचे कधी बुडवलेच नव्हते.

भाची हसली नाही. मावशीचे हात तिने आपल्या स्वेटरखाली ओढून घेतले.

मग दोघी मशीनपाशी बसल्या. चाप उसवले, त्यांच्या जागी रुंद कापडी फासे आणि त्यांत अडकवायला बोटाएवढ्या लाकडी खुंट्या लावल्या. तंबू पावशेराने जड झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली. भाचीची बोटं लालबुंद, पण तंबू उभा! मावशीने चारही कोपरे ओढून पाहिले, आत शिरून चेन लावली आणि आतूनच बहिणीला फोन केला.

"ताई, जाऊ दे तिला. आणि हे बघ, मी नापास झाले, ते तिच्या तोंडून कळायच्या आधी माझ्याकडून ऐक."