चालवणाऱ्याचा हात

आमच्या घरी लकवा आला तो चैतात, सकाळी दाढी करताना. यांच्या हातातला ब्रश खाली पडला आणि तो उचलायला उजवा हात गेलाच नाही. वाशिमच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा राहिला आणि बोलणं गेलं. ‘हो’, ‘नाही’ आणि चहासाठी ‘च्या’ एवढे तीनच शब्द उरले, त्यातही ‘हो’च्या जागी ‘नाही’ यायचं. असं काही घडलं की बाईमाणूस धाय मोकलून रडतं, असं मी ऐकून होते. मी रडले नाही. वरणाला फोडणी दिली, गोळ्यांच्या वेळा कॅलेंडरवर लिहिल्या. दात काढण्याआधी हिरडीत सुई दिल्यावर ओठ जसा आपला वाटत नाही, तशी मी अख्खी झाले होते.

‘हे’ म्हणजे माझा नवरा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, मुलींना समानतेचा धडा शिकवायचे आणि घरी येऊन नवऱ्याला ‘हे’च म्हणायचे. हे सुतारकाम शिकवायचे, तालुक्याच्या प्रशिक्षण संस्थेत. निवृत्त झाल्यावर रिसोडच्या घरामागे टिनाचं शेड टाकलं आणि तिथेच राहायला गेल्यासारखे राहू लागले. जेवायला तीन हाका माराव्या लागत. मेडशीच्या विहारातल्या वाचनालयासाठी त्यांनी पुस्तकांचं कपाट करायला घेतलं होतं. पावसाळ्यातल्या वर्षावासात तिथे ग्रंथ वाचतात, त्याआधी देतो म्हणाले होते. सागाच्या दोन उभ्या फळ्या रंधा मारून तयार होत्या, फळ्यांवर पेन्सिलीने भोकांच्या खुणा केल्या होत्या. भोकं पाडायची तेवढी राहिली.

भेटायला माणसं येत. प्रत्येकाजवळ औषध. एकाने कबुतराचं तेल सांगितलं, दुसऱ्याने कुठल्याशा गावचा पाला, तिसरीने माझ्या स्वयंपाकातल्या तिखटाला दोष दिला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी सगळ्यांना चहा दिला आणि कुणाचं काहीच केलं नाही. हळूहळू मी बाहेर कुणाला सांगणंच बंद केलं. कसे आहेत म्हटलं की बरे आहेत.

व्यायाम करून घ्यायला एक तरुण डॉक्टरीण यायची. ती म्हणाली, “काकू, यांना रोज उभं करा. आणि डाव्या हाताला ओळखीचं काम द्या. नाहीतर असेच बसतील, आणि आहे तेही जाईल.” ‘आहे तेही जाईल’ हे तिने अगदी हळू सांगितलं. तेवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

भिंतीसमोर उभं राहायला हे तयार नव्हते. एका दुपारी मी भांडी घासत होते, तेवढ्यात काठी टेकत स्वतःच शेडमध्ये गेले. डाव्या हातात हातड्रिल घेतलं, फळी पोटाने टेबलाशी दाबली आणि बटण दाबलं. लाकडात टोक अडकलं, फळी गर्रकन फिरून बरगडीवर बसली. मी पोचले तेव्हा ड्रिल कोपऱ्यात फेकलेलं होतं. यांना धरून आणलं, समोरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. त्यानंतर तीन आठवडे ते त्या खुर्चीतून शेडकडे गेले नाहीत. बायांनो, नवरा चिडका असला तर नशीब समजा. गप्प बसलेला नवरा फार वाईट.

उभं ड्रिल मशीन घ्यायचं मीच ठरवलं. इतकी वर्षं सुताराच्या घरात काढल्यावर एवढं कळतं. जमिनीत बोल्ट मारून बसवायचं, मोठ्या खांबाचं. लाकूड टेबलाला शिकंज्याने आवळलं की ते फिरत नाही, आणि माणूस खांबाला टेकून उभा राहिला तरी मशीन हलत नाही. बाकावर ठेवायचं छोटं मशीन स्वस्त पडलं असतं, पण ते यांच्या अंगाच्या भाराने बाकासकट डुगडुगलं असतं. यांना काम करायला एक हात आणि उभं राहायला आधार, दोन्ही एकाच वस्तूत पाहिजे होतं. ब्लाउज मोजायच्या टेपने मी यांची उंची मोजली, कोपर जमिनीपासून किती ते मोजलं. शेडच्या दाराचीही मापं घेतली. लग्नाच्या पोरीसाठी स्थळं पाहतात तशी मोबाईलवर मशीनं पाहिली.

फोटो यांना दाखवायचे. “हे कसं हाये?” विचारलं की हे फोटोकडे बराच वेळ पाहत. मग डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून माझ्या पुढ्यात ठेवत. पडलेल्या फांदीसारखा तो हात. मला वाटायचं, दुखतोय. मी तिळाचं तेल कोमट करून तो चोळायचे, चांगला अर्धा तास. हे ‘नाही, नाही’ म्हणत राहायचे. मी म्हणायचे, “आता थोडं सोसा.” असं चार वेळा झालं, पाच वेळाही असेल.

श्रावणात मी अकोल्याला गेले. मेडशीहून माझा धाकटा भाऊ बसमध्ये चढला. सोयाबीनची फवारणी उरकली होती, त्याला वेळ होता. लोखंडातलं काही त्याला कळत नाही, पण बोलायला तो कुणाला ऐकत नाही. पातुरापर्यंत त्याने मला एकच गोष्ट सांगितली, “ताई, वजन पायजे. वजन असलं म्हंजे माल चांगला.”

दुकानदाराने साहजिकच भावाकडे पाहिलं. “काय भाऊ, वेल्डिंगचं दुकान टाकून राह्यले काय?”

“मी घेऊन राह्यली,” मी म्हटलं. “लाकडासाठी पायजे.”

मग त्याने मला नीट पाहून घेतलं आणि तीन मशीनं दाखवली. एक हलकं, एक मधलं, एक पैलवान. भावाने पहिलाच प्रश्न विचारला तो मोटारीचा, “वाइंडिंग तांब्याची हाये का अॅल्युमिनियमची?” आमच्याकडे शेतातला पंप असो की घरचा कूलर, आधी हेच विचारतात. तांब्याची होती. पैलवानाला तीन फेज लागत होत्या. भाऊ लगेच म्हणाला, “आपल्या शेतात हाये ना थ्री फेज.” शेतातली थ्री फेज कधी येते नि कधी जाते ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत, तरी म्हणाला. मी पैलवान सोडला. हलकं चालू केलं तर थरथरत होतं. मधल्याच्या टेबलावर मी दहाचं नाणं उभं ठेवलं आणि बटण दाबायला सांगितलं. नाणं उभंच राहिलं.

वरचं झाकण उघडून पट्टा कुठल्या पुलीवर टाकला की किती वेग मिळतो ते मी पाहिलं. लाकडाला वेग लागतो, लोखंडाला जोर, हे मी यांच्या तोंडून हजारदा ऐकलेलं. टेबल खालीवर करून टेपने मोजलं, यांच्या कोपराला बरोबर येत होतं. मग दांडा ओढून पाहिला. तीन दांड्यांचं चाक, फिरवलं की टोक लोण्यासारखं खाली आलं. सोडलं की आपोआप वर. दुकानदार खूश झाला. “मॅडमले समजते,” भावाला म्हणाला. मग मला विचारलं, “चालवनारं कोन हाये?”

“घरचेच हायेत,” मी म्हटलं.

लकव्याचं सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण सांगितलं की तो हळहळणार, मग त्याच्या साळ्याला कशाने गुण आला ते ऐकावं लागणार. मला कबुतरं पुन्हा ऐकायची नव्हती. मी पैसे मोजून दिले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. धान्यबाजारातून दोन हमाल आणले. भावाने स्वतःला मुकादम नेमून घेतलं. मशीन शेडच्या कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडात ठेवलं. बोल्टसाठी फरशीवर खुणा केल्या. मी यांना काठीवर आणलं, मशीनसमोर उभं केलं. उजव्या बाजूने काखेत हात घातला होता.

यांनी मशीन वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग काठी माझ्याकडे देऊन डावा हात पुढे केला, आणि तो हवेतच राहिला. दांडा मशीनच्या उजव्या अंगाला होता. तिथे यांचा उजवा हात लोंबत होता.

यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि माझ्यासमोर धरला. घरात फोटो दाखवताना धरायचे तसाच. मग दांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

ते मला सांगत होते. तीन आठवडे सांगत होते, आणि मी तेल चोळत होते. कोपर मोजलं, दार मोजलं, नाणं उभं केलं. दांडा ओढून पाहिला तो माझ्या धडधाकट उजव्या हाताने. या गोष्टीची लाज वाटायला हवी होती. मला नुसतं तहान लागल्यासारखं झालं.

“परत करून टाकू,” भाऊ म्हणाला. “डावखुऱ्याचं भेटन कुठीसा.”

“भेटत नाही,” मी म्हटलं. मला माहीत नव्हतं, तरी म्हटलं. हे आता वळून खुर्चीकडे गेले तर पुन्हा येणार नाहीत, एवढंच माहीत होतं. मी मशीनच्या उजव्या अंगाला जाऊन भिंत आणि खांब यांच्या मधल्या फटीत शिरले. तिथे मशीनकडे तोंड करून उभं राहिलं तर दांडा बरोबर डाव्या हाताखाली येत होता. फक्त जागा नव्हती.

“मशीन भिंतीपासून काढा,” मी हमालांना सांगितलं. “अजून बोल्ट मारले नाहीत.”

भावाला पटलं नाही. “बाजूनं उभं राहून कोनी भोक पाडते काय, ताई? फळी कोन धरन? समोरून पाहायले मानूस पायजे.”

“मी धरतो,” असं काही तो म्हणाला नाही. त्याला मेडशीची बस होती. मशीन सरकवून, बोल्ट आवळून, चहा पिऊन सगळे गेले. शेडमध्ये आम्ही दोघं राहिलो. इतक्या वर्षांत मी या शेडमध्ये जेवायची हाक मारण्यापलीकडे काही केलं नव्हतं. कपाटाची एक उभी फळी मी टेबलावर ठेवली आणि समोर उभी राहून दोन्ही हातांनी धरली. फळी लांब होती, नुसत्या शिकंज्याने तिचं दुसरं टोक लवत होतं. हे बाजूला खांबाला खांदा लावून उभे राहिले. डावा हात दांड्यावर ठेवला. मी बटण दाबलं.

टोक खाली आलं. पेन्सिलीच्या खुणेजवळ टेकलं, आणि सागाचा पिवळा भुसा वर आला. भोक खुणेच्या दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाजूला पडलं.

“हालून काहून राह्यली!” हे ओरडले.

अख्खं वाक्य. चैतापासून पहिलं.

मला ते उशिरा कळलं, कारण मी आधी चिडले. “मी कुठी हाल्ली? तुमीच वाकडं ओढून राह्यले. दांडा पाहा, माह्याकडे कायले पाहाता?”

यांनी तोंड उघडलं. पुढचा शब्द येईना. कपाळावर शीर तटतटली, मान हलली, आणि शेवटी ‘नाही’ एवढंच आलं. पण ते माझ्याशी भांडत होते, यात शंका नव्हती. माझे कान तापले होते. छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि मी रडायला लागले, मोठ्याने, अगदी नाक वाहीपर्यंत. मशीन चालूच होतं. यांनी दांड्यावरचा हात काढला नाही. डोळ्यांनी फळीवरची पुढची खूण दाखवली.

मी फळी सरकवली. दोन्ही हात तिच्यावर होते, म्हणून डोळे खांद्याला पुसले.