शेवटच्या नावाखाली

स्तंभावरच्या शेवटच्या नावाखाली तळहात टेकवून मावशी म्हणायच्या, "इथं जागा हाय की."

आमच्या हिंगोली जिल्ह्यात असे स्तंभ तुम्हीही पाहिले असतील. रझाकारांशी लढताना पडलेल्यांची नावं असतात, सतरा सप्टेंबरला तिथं झेंडा लागतो. आमचा स्तंभ कचेरीच्या आवारात आहे आणि मी त्या कचेरीतला कारकून. मावशी दरवर्षी त्या दिवशी खेड्यातून जीपने यायच्या. सगळे चहाला पांगले की मला बोलवून घ्यायच्या. त्यांचा बाप त्या लढ्यात गेला तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. प्रेत सापडलं नाही आणि फोटो कधी काढलेलाच नव्हता. पुरावा नाही म्हणून स्तंभावर त्याचं नावही नव्हतं.

"लोकायला बापाची समाधी तरी असती, बापू. मला निस्तं नाव हाय."

जागा आहे म्हणून नाव लिहायचं तर माझंही लिहून टाकतो, असं मी त्यांना चिडवायचो. त्या पदराआड हसायच्या.

एका वर्षी त्यांनी बापाच्या बरोबर लढलेल्या म्हाताऱ्यालाच साक्षीला आणलं. साहेब पाहुण्यांत अडकलेले, त्यात सुट्टीचा दिवस. मी म्हणालो, दिवाळीनंतर या. जबाब मीच लिहून घेऊ शकलो असतो, अर्ध्या तासाचं काम. दिवाळीच्या आधीच म्हातारा गेला. मावशींनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पुढे स्तंभाला नवा काळा दगड बसवला. जुनी नावं कोरली आणि खालच्या मोकळ्या जागेत उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची. मावशींना वाचता येत नव्हतं. सवयीने त्यांनी तळहात टेकवला, तर हाताला अक्षरं लागली.

"आलं का रं बापू, नाव?"

मी होय म्हणालो.

त्यांनी त्या पाहुण्यांच्या नावांवर कपाळ टेकवलं आणि जन्मात पहिल्यांदा "बा" अशी हाक मारली. मी बाजूला उभा होतो. माझ्यासारखा नादान माणूस मी पाहिलेला नाही.

यंदा मावशी आल्या नाहीत. जीपमधून त्यांची नात उतरली, हातात झेंडूची दोन फुलं. आजी उन्हाळ्यात गेली, जाताना फुलं वाहायला सांगून गेली, म्हणाली. पोरगी शिकलेली होती.

"काका, आजी हात कुठं ठेवायची?"

मी जागा दाखवली.