कानाची खुर्ची

मी धर्मपाल, पांढरकवड्याचा सुतार. वखर, तिफण अशी शेतीची अवजारं आणि दाराच्या चौकटी यात तीस वर्षं गेली. "मले वाचता येत नाही असं लाकूडच नाही," हे मी चहाच्या टपरीवर कोणी न विचारता सांगायचो.

दोन हजार चार-पाचचं साल. कापसाचे भाव पडले, तसं वखर-तिफणीचं काम थांबलं. गावाजवळचा सरकी काढायचा एक जिनिंग कारखाना बंद झाला, तेव्हा दारं-खिडक्या काढायला मला बोलावलं. तिथं पाहुण्यांच्या खोलीत एक आरामखुर्ची होती. जुन्या मालकानं चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईहून आणलेली, विलायती घाटाची. फोडलेल्या अंड्यासारखी खोलगट पाठ, दोन्हीकडे कानासारख्या पाळ्या, खाली तीन बारीक पाय. सगळं लाकूड वळलेलं आणि सांधा एकही नाही. मुनीम घनश्यामबाबू म्हणाले, "घेऊन जा. इथं कोणालेच नको."

डोक्यावर पालथी घालून निघालो. बसस्टँडपाशी लोक बाजूला होत होते. मला वाटलं, मान देताहेत.

घरी बायकोनं, हंसाबाईनं, खुर्चीभोवती एक फेरी मारली. "हिच्यात बसाचं कुठून?"

मी बसून दाखवलं. गुडघे हनुवटीशी आले आणि उठता येईना. शेवटी तिनंच दोन्ही हात धरून मला ओढून काढलं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण काम नसलेला सुतार वाळवीपेक्षा वाईट. अशीच दुसरी करायची म्हणून मी आंघोळीचं पाणी तापवायच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, फळ्या उकळून वाकवायला लागलो. सगळ्या मोडल्या. आठवडाभर हंसाबाई गार पाण्यानं न्हायली. मग आत काय आहे ते बघावं म्हणून खुर्चीच्या कडेला पटाशी घातली. एकावर एक चिकटवलेले पातळ पापुद्रे होते. भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटत गेले. मी वर चादर टाकली.

"उघडली का?" तिनं विचारलं.

"उघडली."

"आता परत बसवता येते?"

"नाही."

मग लाज झाकायला सागाच्या एकेचाळीस पट्ट्या तासून तसाच घाट जुळवला. दोन माणसांशिवाय खुर्ची हलेना, आणि एक कान वर राहिला. संध्याकाळी कापूस वेचून आलेली हंसाबाई कंबर धरत तिच्यात बसली, पाय वर घेतले, आणि मी चहा आणेपर्यंत झोपून गेली. तो चहा मीच प्यायलो.

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या लालीबाई आल्या. दोघी वेचणीला बरोबर जायच्या. "मले बी पाहिजे तशी," म्हणाल्या. बनवली. पोचवायला गेलो, तर त्यांच्या दारातून आत जाईना. आडवी, उभी, पालथी, सगळं करून पाहिलं.

"धर्मपालभाऊ, दार मोजलं नोतं काय?"

ते दार मीच बसवलेलं होतं. चौकट उखडली, खुर्ची आत ठेवली आणि चौकट परत बसवायला घेतली. तोवर लालीबाई आत पाय वर घेऊन बसल्या होत्या, माझं काम बघत.