दोन बोटं वर

धुरपताबाईचा सरकारी कागदावर विश्वास नव्हता, आणि उताराखाली धानाची बांधी असलेल्या केवलरामवर तर मुळीच नव्हता. अर्जुनी मोरगावकडच्या जंगलाला लागून तिचं उतरतं वावर. जन्मभर तिथे कोदो पिकवला, तेव्हा कुठे म्हातारपणी त्या वनजमिनीचा हक्काचा पट्टा हातात आला. म्हणून कृषी कॉलेजातली दिव्या लाल डोक्याच्या लोखंडी खुट्या घेऊन वावरात शिरली, तशी म्हातारी वाट अडवून उभी राहिली. "माह्या वावरात खुट्या कायले गाडून राहिली वो?"

दिव्याने समजावलं. पावसाने कोणत्या उतारावरची किती माती जाईल याचा अंदाज बांधायचा होता. जिथे जास्त जाईल, तिथे बांध घालून मिळणार होते. बाईला यातलं अर्धंच पटलं. आधी खुटी, मग मोजणी, मग हाकलणं, हे तिने पाहिलेलं होतं. जाताना दिव्याने बजावलं, की प्रत्येक खुटी दोन बोटं वर ठेवली आहे, पावसाळाभर कोणी हात लावू नये. एवढं मात्र बाईने पक्कं धरलं. खुटी हलली की आळ आपल्यावर येणार आणि पट्टा जाणार.

आषाढातल्या झडीनंतर बघते तर खुट्या चार बोटं वर. केवलरामच उपटतोय, दुसरं कोण? पट्ट्याच्या वेळी ग्रामसभेत यानेच मोडता घातला होता. तिने हातोडी आणली आणि बोटं लावून लावून खुट्या होत्या तशा ठोकल्या. मग प्रत्येक मोठ्या पावसानंतर तेच. मेल्याच्या पायाचा ठसा कधी सापडला नाही, तेव्हा तर तिचा संशय आणखीच बळावला.

दिवाळीनंतर दिव्याने पट्टी लावून मोजलं आणि खुशीत सांगितलं, की माती जागची हलली नाही, तुम्हाला बांधांची गरज नाही. बाईला रागच आला. राखण आपण केली आणि कौतुक मातीचं! तिने केवलरामचं सगळं कारस्थान हातोडीसकट सांगून टाकलं.

दिव्याचा चेहरा उतरला. "आजी, खुट्या वर आल्याच नाहीत. माती खाली गेली."

धुरपताबाईने उताराखाली पाहिलं. केवलरामच्या बांधीत तिच्या वावराची लाल माती पसरली होती. त्याने इकडे पाऊलही टाकलं नव्हतं. तिच्या पायाखाली नुसते दगड उरले होते.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मोजू, असं दिव्या हळूच म्हणाली.

"तवरिक काय रायते वो पोरी, इथं मोजाले?"