हललेले बगळे

निशिगंधाला फोटो काढता येत नव्हते, तेव्हाच तिचं बरं चाललं होतं.

ती इथे परदेशात, बिशान भागात राहते. नवरा रघुवीर जहाजावर इंजिनीअर, वर्षातले निम्मे महिने समुद्रावर. घरात ती आणि मुलगी गार्गी. गार्गीचं आधी कॉलेज सुटलं, मग मैत्रिणी सुटल्या, आणि एक दिवस तिने खोलीचं दार लावून घेतलं ते लावलंच. ताट दाराशी ठेवायचं, रिकामं झालं की उचलायचं. डॉक्टर झाले, समुपदेशक झाले. सगळे म्हणाले, वेळ द्या. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी तर मंगळवारच्या उपासापासून मेथीच्या लाडवांपर्यंत काही सुचवायचं बाकी ठेवलं नाही. एकेकीचं तोंड शिवून टाकावंसं वाटायचं मला.

गार्गी पूर्वी कलांग नदीच्या काठावर बगळ्यांचे फोटो काढायची. एका सकाळी निशिगंधाने तिचा धूळ खात पडलेला कॅमेरा उचलला, सर्कल लाइनच्या मेट्रोने स्टेडियम स्टेशनला गेली आणि ओहोटीच्या चिखलात उभ्या असलेल्या राखी बगळ्याचा फोटो काढून मुलीला पाठवला. फोटोत बगळा कमी, मागच्या उंच कंडो इमारतींच्या बाल्कन्याच जास्त. पण उत्तर आलं!

"अय्यो आई, सो ब्लर लाह. शटर फास्ट कर."

कितीतरी महिन्यांनी मुलीचा शब्द आला होता, तोही इथल्या पोरांसारखा शेवटी 'लाह' लावलेला. निशिगंधा तिथेच काठावर बसून रडली.

मग रोजचंच झालं. बगळा माशासाठी ध्यान लावून, ही बगळ्यासाठी, आणि शेजारी मी, जवळच्या तोआ पायोह भागातून चहाचा थर्मास घेऊन आलेली तिची मैत्रीण. गार्गी खोलीतून चुका काढायची. डोळ्यावर फोकस ठेव. सूर्य पाठीशी घे. निशिगंधा मुळातली हुशार, त्यामुळे व्हायचं तेच झालं. ती शिकली. बगळ्याच्या चोचीवरचा थेंबसुद्धा दिसेल असे फोटो यायला लागले आणि गार्गीची उत्तरं थांबली. फोटोखाली दोन निळ्या खुणा उमटायच्या, बस्स.

"प्रेमा, तिला बोलायला काही उरलंच नाही गं," निशिगंधा म्हणाली. "मी काय करू? सांग ना, काय करू मी?"

तिचा तो आवाज ऐकवेना. मी चिडूनच म्हणाले, "मग हलव कॅमेरा!"

तिने खरंच हलवला. संध्याकाळी उत्तर आलं, "परत ब्लर?" एवढ्या दोन शब्दांवर ती दिवस काढू लागली. चांगला हात बसलेली बाई रोज मुद्दाम फोटो बिघडवायची, आणि मला ते बघवत नसे. पण दुसरं सुचवायला माझ्याकडे तरी काय होतं?

परवा सकाळी बगळ्याने अगदी आमच्यासमोर मासा उचलला आणि पंख पसरले. पाण्यावर कोवळं ऊन. कठड्याशी उभ्या सगळ्यांचे कॅमेरे एकदम वाजायला लागले. निशिगंधाने नेमक्या त्या क्षणी हाताला हिसका दिला. शेजारचे चिनी अंकल हळहळले, "अय्या, मिस्ड लाह!" तिने तो फोटो पाठवला आणि सगळे देव पाण्यात ठेवून फोनकडे बघत बसली.

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. बगळा उडून गेला, अंकलनी सामान आवरलं, चहा निवला. "आज नाही बोलणार ती," निशिगंधा म्हणाली. "आता हेही संपलं."

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, तुझे हात थरथरतात का?"

इतक्या महिन्यांत पोरीने आईबद्दल काही विचारलं नव्हतं. खोटं बोलू का, असं निशिगंधाचे डोळे विचारत होते. "लिही," मी म्हणाले.

"हो गं," तिने लिहिलं. लिहिताना ते खरंच थरथरत होते.

"ट्रायपॉड माझ्या खोलीत आहे. दार उघडते. ये, घेऊन जा."

निशिगंधाने कॅमेरा माझ्या मांडीवर टाकला आणि मला चल म्हणायचंही विसरून स्टेशनकडे पळत सुटली.