दादांनी पाडलेली भिंत

माझे थोरले बंधू गवंडी होते. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. टेकडीखालच्या शेतमालकाचे धान्याचे कोठार त्यांनी ऐन उमेदीत बांधले होते. दगडचुन्याची ती भिंत एकवीस वर्षे उभी होती आणि तिला केसाएवढीही चीर गेलेली नव्हती. त्या वाटेने जाताना भिंतीवर एकदा हात ठेवल्याशिवाय दादा पुढे जात नसत.

एका वर्षी शहरातून एक चित्रकार आला आणि आठ दिवस कोठारासमोर स्टूल टाकून बसला. रंगाचे जाड फटकारे मारून त्याने चित्र पुरे केले व ते वाचनालयाला भेट दिले. त्या चित्रात आकाश पिवळे होते, सावल्या जांभळ्या होत्या, आणि भिंत मधोमध फुगून बाहेर आली होती.

"काय मिस्त्री, भिंतीला दिवस गेलेत का?" न्हाव्याने भर दुकानात विचारले.

"अहो, चित्र आहे ते. आकाश कधी पिवळं असतं का?"

"आकाश तुम्ही नाही ना बांधलं!"

सारे दुकान हसले. दादा अर्धी दाढी तशीच ठेवून उठून आले.

त्यानंतर दादांना मिळायचे शाळेच्या कुंपणाचे काम दुसऱ्या गवंड्याकडे गेले. दादांनी ओळंबा सोडून कोठाराची भिंत तपासली. ती सरळ होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तपासली. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "अगं, मधे सूतभर फरक वाटतोय."

"दादा, भिंत ठणठणीत आहे. उगाच तिच्या वाटेला जाऊ नकोस."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

त्यांनी मालकाची परवानगी काढली आणि छपराला टेकू देऊन भिंत उतरवली. चुन्याच्या कामात दिवसाला तीनच थर चढवावेत, खालचा थर सुकून आवळल्याशिवाय वरचा ठेवू नये, असे तेच इतरांना शिकवीत आले होते. परंतु आता रोज कोणी ना कोणी बघायला येऊन उभे राही. दादांनी दिवसाला सहा थर चढवले आणि नवव्या दिवशी टेकू काढले. ओला चुना दबला, भिंत खचली, आणि सबंध छप्पर खाली आले. आत कोणी नव्हते, एवढेच नशीब.

त्या दिवसापासून कोणीही त्यांना टोमणा मारला नाही. न्हावीसुद्धा मान खाली घालून दाढी करी. मला वाटते, दादांना ते हसण्यापेक्षा जड गेले.

पुढे ते चार वर्षे जगले, परंतु त्यांनी थापी हाती धरली नाही. ते रोज वाचनालयात जाऊन चित्रासमोरच्या बाकावर बसत. एकदा मी त्यांना न्यायला गेले, तेव्हा ते मला म्हणाले, "चांगली भिंत होती गं. मीच पाडली."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. खरे तेच ते बोलले होते.