लोहाची गोळी सकाळी, कॅल्शियम दुपारी

रिपोर्ट टेबलावर ठेवून डॉक्टर म्हणाले, “मॅडम, आपको नींद आती ही नहीं है. साँस रुकती है, नींद टूटती है, और आपको पता भी नहीं चलता.”

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं स्लीप अ‍ॅप्निया. म्हणजे झोपेत घशाची वाट बंद होऊन श्वास थांबणे. सोबत टाइप टू डायबिटीज आणि मॉर्बिड ओबेसिटी, म्हणजे जिवावर बेतू शकेल इतका लठ्ठपणा. वजन एकशे सोळा किलो, उंची पाच फूट एक इंच. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते.

मग त्यांनी कागदावर शिक्का मारला. उंचीवरच्या कामासाठी अनफिट.

मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ईओटी क्रेन चालवते. शेडच्या छताखाली रुळांवर धावणारी क्रेन, आणि तिच्या पोटाशी टांगलेली काचेची केबिन. नवरा वारल्यावर त्यांच्या जागेवर मला नोकरी लागली. आधी ऑफिसात फायली होत्या, पण मी क्रेनचं ट्रेनिंग मागून घेतलं. नऊ वर्षं चालवली.

त्या शिक्क्यासाठी दवाखान्यात मी आपल्या पायानं गेले होते. शिक्का बसण्याच्या आठवडाभर आधी हुकाला लोखंडी रुळांचा गठ्ठा लटकत असताना भर दुपारी केबिनमध्ये माझा डोळा लागला. किती वेळ, सांगता येत नाही. खाली इशारे देणारे देवांगन भैया जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकत होते, त्यानं जाग आली. गठ्ठा त्यांच्यापासून दहा पावलांवर डुलत होता. कोणाला काही झालं नाही. भैया कोणाला काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मीच जाऊन डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं.

सोबतचे लोक म्हणाले, “अपने मुँह से अपनी कुर्सी गँवा दी.” मला स्टोअरमध्ये बसवलं. नट-बोल्ट मोजायचे, पावत्या फाडायच्या.

रायपूरच्या सर्जननी तपासून गॅस्ट्रिक बायपास सुचवला. यात जठराचा वरचा लिंबाएवढा भाग वेगळा करतात आणि तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. खाणं कमी जातं, अंगी कमी लागतं. “ऑपरेशन दोन तासांचं आहे,” ते म्हणाले, “पण त्यानंतरचे नियम जन्मभराचे. आधी ते ऐका, मग हो म्हणा.” जे या वाटेवर निघाले आहेत त्यांना माझं पहिलं सांगणं हेच. आधी ते ऐका.

घरी सासूबाई आणि माझी मुलगी पल्लवी. सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघी. सासूबाईंना मी आई म्हणते. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातून त्या लग्न होऊन इथं आल्या, तेव्हा सासरे भट्टीवर कामाला होते. ऑपरेशनचं ऐकून त्या ताटावरून उठल्या.

“आमच्या टायमाले पोट भरायची मारामार होती. पेज पिऊन लेकरं वाढवली. अन् तू चांगलं पोट कापून कावून घेऊन राहिली?”

“आई, मले झोपेत श्वास येत नाही. डॉक्टर म्हणतात, एक दिवस उठणारच नाही मी.”

पल्लवी हळूच म्हणाली, “आजी, पापा तो चले गये. मम्मी को रहने दो ना.” आईंनी पदर डोळ्यांना लावला आणि ताट परत पुढं ओढलं.

ऑपरेशनआधी दोन आठवडे फक्त पातळ खाणं, म्हणजे यकृत आक्रसतं आणि सर्जनला जागा मिळते. झोपताना नाकावर मास्क लावायचं सीपॅप मशीन, ते हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. पहिल्या सकाळी उठले तेव्हा डोकं जड नव्हतं. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं.

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी सिस्टरनी मला उभं केलं. एका हातात सलाइनचा स्टँड, दुसरा हात पल्लवीच्या खांद्यावर. कॉरिडॉरचं टोक गाठायला पंधरा मिनिटं लागली. पोटात टाके ओढत होते, ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसची कळ खांद्यात येत होती. सिस्टर म्हणाली, “चलोगे तो खून नहीं जमेगा.” तीन दिवसांत मी त्या कॉरिडॉरच्या फरश्या पाठ केल्या.

पहिले दिवस चमच्यावर गेले. आधी पाणी, ताक, डाळीचं गाळलेलं पाणी. मग घोटलेलं वरण, मऊ अंडं, पनीर. मग मऊ भाजी. पोळी दोन महिन्यांनी, तीही पाव. भाताचा घास घशात अडकला तेव्हा कळलं की लिंबाएवढ्या पोटाला घाई चालत नाही. एक घास पंचवीस वेळा चावायचा. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. बाकी दिवसभर घोट घोट. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भात.

हे प्रोटीन प्रकरण आईंना पटेना. तिसऱ्या महिन्यात त्या स्वतःच माझ्याबरोबर रायपूरला आल्या. डाएटिशियन अकोल्याकडची मुलगी होती, मराठी बोलायची. आईंनी खुर्ची पुढं ओढली.

“मले सांग बाई, हे डब्यातलं पांढरं पावडर चांगलं, अन् आमची सुकट वाईट?”

सुकट म्हणजे सुकवलेली बारीक मासळी. मुलीनं तक्ता काढला, वाचला आणि हसली. “आजी, सुकट चालेल काय, धावेल! प्रोटीन पण, कॅल्शियम पण. मीठ तेवढं धुऊन काढा.”

त्या दिवसापासून स्वयंपाकघर आईंच्या ताब्यात गेलं. सुकट तीनदा धुऊन, तव्यावर कोरडी भाजून, टोमॅटोत शिजवायच्या. बेसनाच्या चिल्ल्यात, म्हणजे धिरड्यात, पनीर किसून घालायच्या. मूग सकाळी भिजत, दुसऱ्या सकाळी मोड. माझ्यासाठी पल्लवीची लहानपणची वाटी काढून ठेवली, तिच्यावर ससा होता. दिवसातून पाच वेळा ती वाटी समोर यायची. “अन् चाव,” त्या म्हणायच्या, “मी मोजून राहिली.”

चूक मीही केली. चौथ्या महिन्यात वैशाली नगरात मैत्रिणीच्या मुलीची हळद होती. बुंदीचा एक लाडू खाल्ला, एकच. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम, पोटात मुरडा, डोळ्यांपुढं अंधारी. याला डम्पिंग म्हणतात. गोड पदार्थ नव्या वाटेनं झपाट्यानं आतड्यात उतरतो आणि शरीर गडबडून जातं. हळदीच्या पाहुण्यांत मी आतल्या खोलीतल्या गाद्यांच्या ढिगावर आडवी, आणि बाहेर बेंजो वाजतोय. मैत्रीण धावत आली, “तुला हार्ट अटॅक आला का गं?” “नाही,” मी म्हटलं, “बुंदी आली.” तिला हसावं की रडावं कळेना.

व्यायाम घराजवळच्या तलावाभोवती चालण्यानं सुरू झाला. पहिल्या महिन्यात अर्धी फेरी. सहाव्यात पाच फेऱ्या, पदर खोचून. डॉक्टर म्हणाले, नुसतं चाललात तर चरबीबरोबर स्नायूही जातील, वजन उचला. मग दोन लिटरच्या दोन बाटल्यांत वाळू भरली. सकाळी ओट्याला धरून वीस बैठका, मग बाटल्या. केस मुठीमुठीनं गळत होते, पण ते परत येणार हे सांगितलेलं होतं आणि ते आलेही. शुगरची गोळी बंद झाली. सीपॅप मशीन तपासणीनंतर परत केलं.

आठव्या महिन्यात वजन अठ्ठ्याऐंशी. लोक वळून बघायचे. आणि इथंच मी घसरले. खाणं सांभाळत होते, चालत होते, मग जन्मभरासाठी दिलेल्या त्या लोहाच्या, व्हिटॅमिनच्या गोळ्या कशाला? एवढी ठणठणीत बाई गोळ्यांचा डबा घेऊन का फिरेल? आधी कॅल्शियम राहिलं, मग बाकीच्याही. घरी सांगायचे, घेतल्या.

तीन महिन्यांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. जीभ लाल, सोललेली. तलावाची एक फेरी मारून बाकावर बसायची वेळ आली. एका सकाळी जिन्यात पाय कुठं पडतोय ते कळलं नाही आणि मी चार पायऱ्या घसरत खाली आले.

पुढच्या आठवड्यात मला क्रेनवर परत घ्यायचं का ते ठरवणारं मेडिकल बोर्ड होतं. त्या दिवसाची मी वर्षभर वाट पाहत होते. बोर्डानं रक्ताचा रिपोर्ट बघितला. हिमोग्लोबिन आठ, बी-ट्वेल्व्ह जवळपास नाहीच. बी-ट्वेल्व्ह हे नसांना आणि रक्ताला लागणारं व्हिटॅमिन. बायपासनंतर ते अन्नातून पुरेसं शोषलं जात नाही, म्हणून बाहेरून घ्यावंच लागतं. पुन्हा अनफिट.

सर्जन चिडले नाहीत. त्याचंच जास्त लागलं. ते म्हणाले, “मैंने आपका पेट छोटा किया है. बाकी काम आपका है, रोज़ का.”

घरी येऊन मी आईंसमोर गोळ्यांचा भरलेला डबा ठेवला. खोटं बोलले ते सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी डबा उघडला, एकेक पट्टी उलटीपालटी करून पाहिली. त्यांना वाचता येत नाही.

“हे लाल कायची?”

“लोहाची.”

“लोहाच्या गावात राहून तुले लोहच कमी पडलं?” त्या म्हणाल्या आणि हसू आवरेना त्यांना. मग मलाही. नंतर त्यांनी माझा हात धरला. “वंदे, पोरगा गेला तवा मी काही करू शकली नाही. हे मले करता येते. रंग सांग, टाइम सांग.”

असा आमचा दिवस ठरला. सकाळी उठल्यावर लाल गोळी, लोहाची, लिंबूपाण्यासोबत. चहा त्यानंतर दोन तासांनी, कारण चहा लोहाला अंगी लागू देत नाही. नाश्त्यानंतर मल्टिव्हिटॅमिन, चावून. बी-ट्वेल्व्हची छोटी गुलाबी गोळी जिभेखाली. जेवणानंतर पांढरं कॅल्शियम सायट्रेट, परत संध्याकाळी तेच. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, एक दुसऱ्याला अडवतं. रविवारी व्हिटॅमिन डी. हे माझं वेळापत्रक. तुमचं तुमचे डॉक्टर ठरवतील, माझ्यावरून घेऊ नका. शिफ्ट बदलली की आम्ही वेळाही बदलायचो. कामावर असले की आईंचा फोन यायचा. हॅलो वगैरे काही नाही. “पांढरी?” “घेतली.” की फोन बंद.

पहिले आठवडे बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घेतली, लोह शिरेतून दिलं. मुंग्या हळूहळू कमी झाल्या, पार जायला पाच महिने लागले. फिजिओथेरपिस्टनी तोल सांभाळायला एका पायावर उभं राहायला शिकवलं. दात घासताना मी डाव्या पायावर, आणि मला चिडवायला पल्लवी उजव्या पायावर.

पुढच्या बोर्डाला, पहिला शिक्का मारणाऱ्या त्याच डॉक्टरांनी मला डोळे मिटून सरळ रेषेत चालवलं, जिना चढायला लावला, नाडी मोजली. झोपेची तपासणी, साखर, हिमोग्लोबिन, सगळ्या कागदांवर नजर फिरवली. वजन त्र्याहत्तर.

“फिट,” ते म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, “उस दिन आपने खुद आकर बताया था. मुझे याद है.”

क्रेनला बावन्न पायऱ्या आहेत. पूर्वी तीनदा थांबायचे. त्या सकाळी वर पोचले तेव्हा श्वास थोडासा वाढला होता, इतकंच. केबिनची खुर्ची मला मोठी झाली होती, पाठीशी उशी ठेवावी लागली. खालून देवांगन भैयांनी मान वर केली, छत्तीसगढीत ओरडले.

“आ गेस बहिनी?”

“आ गेंव भैया!” मी काचेतून ओरडले. त्यांना ऐकू गेलं नसेल. त्यांनी हात वर केला आणि मी गठ्ठा उचलला. ट्रकवर ठेवला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

याला आता दोन वर्षं झाली. मध्यंतरी दीड किलो वाढलं, त्यातलं एक उतरलं. वर्षातून एकदा रक्त तपासते.

परवा त्याच तपासणीसाठी रायपूरला गेले तर वेटिंग रूममध्ये बालोदकडची एक बाई बसली होती, बायपासला सहा आठवडे झालेली. चेहरा उतरलेला. नवरा मुकाट्यानं फाइल धरून. माझंही तेच ऑपरेशन झालंय हे ऐकल्यावर तिनं हळूच विचारलं, “दीदी, खाने का सुख तो गया न हमेशा के लिए?”

हा प्रश्न मलाही पडला होता, पण विचारायची हिंमत झाली नव्हती. तिची गाडी संध्याकाळची होती आणि भिलाई वाटेवरच. मी दोघांना घरी घेऊन आले.

आईंनी फक्त कितवा आठवडा ते विचारलं. तिच्या सहाव्या आठवड्याला जे चालतं ते त्यांना तोंडपाठ होतं. घोटलेलं वरण, त्यावर तुपाचा थेंब, मऊ शिजवलेला लाल भोपळा, दह्यात कालवलेलं अंडं. दोन लहान वाट्या, दोन लहान चमचे. त्या बाईनं पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. आईंनी तिच्यासमोर बोट धरून मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, मराठीत. तीही हसत हसत मोजू लागली, छत्तीसगढीत.

पाव वाटी संपायला आम्हाला पाऊण तास लागला. वाटी निपटून तिनं आईंकडं बघितलं आणि म्हणाली, “अब्बड़ मिठाइस, दाई.”

म्हणजे, फार गोड लागलं, आई.